पत्रिकेवरची मिनिटं

भाचीच्या लग्नाच्या पत्रिका आम्ही घरीच केल्या. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत, रात्रीची जेवणं आटोपल्यावर, जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं पसरून. कागद अब्दुल रहमान स्ट्रीटवरून आणला, गणपतीचा आणि मजकुराचा ठसा भाचीने स्वतः लिनोवर कोरला. नमुना म्हणून आईने ट्रंकेतून आजी-आजोबांची १९४८ची पत्रिका काढून दिली. पिवळा कागद, कोपऱ्यांवर हळदीकुंकवाचे तपकिरी पडलेले डाग, आणि मधोमध मुहूर्त: 'सायंकाळी ६ वा. ३४ मि. (स्टँ. टा.)'.

हा कंस कशासाठी? तर स्टँडर्ड टाइम १९०६ साली आला, पण मुंबई महापालिकेने स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं 'बाँबे टाइम' सोडला नाही. दोन्हींत फरक ३९ मिनिटांचा. नव्या वेळेविरुद्ध परळच्या गिरणगावातही कामगारांनी काम थांबवलं होतं. शहरात दोन घड्याळं चालू असताना पत्रिकेवर नुसतं ६.३४ लिहिलं असतं, तर बाँबे टाइम पाळणारा पाहुणा अक्षता टाकायला ७.१३ला पोचला असता.

मला खरं कोडं पडलं ते पुढे. जेवणाला लोक तासभर उशिरा आले तरी कोणी काही म्हणत नाही. मग पत्रिकेला मिनिटांची एवढी काळजी का? याचं उत्तर 'लग्न' या शब्दात आहे असं माझं ठाम मत झालं आहे.

ज्योतिषात लग्न म्हणजे त्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास. दिवसरात्रीत बारा लग्नं होतात, एकेक साधारण दोन तासांचं. विवाहासाठी त्यातला शुभ भाग धरायचा, म्हणून मांडवात पाण्यावर घटिकापात्र तरंगत ठेवत. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी, २४ मिनिटांत भरून बुडणारी. ती बुडाली की एक घटका झाली. म्हणजे लग्न हे आधी वेळेचं नाव, समारंभाचं नंतर.

याला विरोध करणारे म्हणतात, इतकं लांब कशाला जायचं? 'लग्' म्हणजे चिकटणं, जोडलं जाणं. दोन जीव जोडले जातात ते लग्न. धातू तोच आहे, हे मलाही मान्य. राससुद्धा क्षितिजाला 'लागलेली' असते म्हणूनच ती लग्न. पण जोडण्यातून थेट विवाह हा अर्थ निघाला असता, तर संस्कृतात तो ठळक दिसायला हवा होता. तिथे विवाह, परिणय, पाणिग्रहण हेच रुळलेले शब्द. अंतरपाट दूर होताना भटजी जो श्लोक म्हणतात, त्यातही लग्न येतं ते शुभ दिवस, ताराबळ आणि चंद्रबळ यांच्या पंगतीत, काळाचा एक घटक म्हणून. उत्तर भारतात 'लगन' म्हणजे आजही शुभ वेळ. आणि आपण काय म्हणतो? 'लग्न लागलं.' विवाह होतो, लग्न लागतं. नक्षत्र लागतं, ग्रहण लागतं, तसंच हे. ज्याची वेळ ठरलेली असते ते लागतं.

एवढं पटलं की लग्नपत्रिकेची कुळी सापडते. ती मुळात आमंत्रण नव्हतीच. ती जोश्याने लिहून दिलेली वेळेची चिठ्ठी होती. उत्तरेत मुलीकडून मुलाकडे हळद लावलेली, दोऱ्याने बांधलेली लगनपत्रिका अजून जाते, ती हीच. जन्मपत्रिकाही त्याच जोश्याची, आणि तिचीही सुरुवात लग्नापासून. म्हणून तर आपण पत्रिका जुळल्यावर पुन्हा पत्रिका छापायला टाकतो आणि कोणाचा गोंधळ होत नाही.

मग आमंत्रण कशाने होई? तोंडी बोलावण्याने आणि अक्षतीने. कुंकू लावलेले तांदूळ घरोघर द्यायचे. 'अक्षत देणं' याचा अर्थच आमंत्रण करणं. वेळेचा कागद सोयऱ्यांकडे, अक्षत गावाला.

या दोन वाटा एकत्र आल्या छापखान्यात. पत्रिका म्हणजे साहेबाच्या कार्डाची नक्कल, असंही म्हणतात. जाड कागद आणि लिफाफा साहेबाचा असेल, पण मिनिटं त्याची नाहीत. मला इथे गणपत कृष्णाजी आठवतात. अमेरिकन मिशनचा छापखाना पाहून या माणसाने लाकडी यंत्र जुळवलं, शाई स्वतः बनवली आणि १८३१ साली मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग काढलं. शाईत चरबी असेल या भीतीने सोवळी माणसं छापील कागदाला शिवत नसत, म्हणून त्यांनी धर्मग्रंथांसाठी तुपाची शाई केली. शिळाछापात हाताचं अक्षर जसंच्या तसं उमटतं. माझा तर्क असा: पंचांग छापून घरात आलं तेव्हाच जोश्याच्या चिठ्ठीचीही वाट मोकळी झाली. तिच्या शंभर प्रती निघू लागल्या आणि तिने अक्षतीचं काम उचललं. अक्षतीची खूण तेवढी उरली, कोपऱ्यांवरचं हळदीकुंकू.

म्हणून घरी पत्रिका करणं ही आजची हौस आहे असं मला वाटत नाही. छापखान्यात जाण्याआधी ती हाताने लिहिलेली चिठ्ठीच होती.

आमच्या भाचीला 'दुपारी साडेबारा' एवढंच लिहायचं होतं, ठशात सुटसुटीत बसतं म्हणून. आजीची पत्रिका तिच्यापुढे ठेवून मी हे सगळं सांगितलं. तिने ठशातली वेळेची ओळच कापून टाकली. मग बाकी मजकूर ठशाने उमटवला आणि '१२ वा. ३२ मि.' हे शाईच्या पेनाने, एकशे साठ पत्रिकांवर, स्वतःच्या अक्षरात लिहिलं. आई शेजारी बसून कोपऱ्यांना कुंकू लावत होती. पहिली पत्रिका सकाळी गिरगावातल्याच फडके गणपतीच्या देवळात ठेवली, तेव्हा मिनिटांवरची शाई थोडी ओलीच होती.