इंजिनाच्या पोटातली रेघ

विहिरीवरचे तेलाचे इंजिन बिघडले की जुना जाणता मिस्त्री आवाजावरून सांगतो, "ठोकतंय." धूर पाहून सांगतो, "तेल नीट जळत नाही." पण सिलिंडरच्या आत डोळा लावायला जागा कुठे आहे? दट्ट्या मिनिटाला शेकडो वेळा खाली-वर होतो. तेवढ्यात आतला दाब कधी चढला नि कधी उतरला, हे कुणाला दिसावे?

ते पाहण्याची युक्ती इंग्लंडात निघाली, आणि तीही वाफेच्या इंजिनासाठी. जेम्स वॉटने सिलिंडरला एक छोटी नळी जोडली. नळीत लहानसा दट्ट्या, त्यावर स्प्रिंग, आणि दाब दाखवणारा काटा. पण काटा असा नाचे की वाचायची सोय नाही! १७९६ साली वॉटचा सहायक जॉन सदर्न याने पेन्सिल लावली आणि तिच्यापुढे कागदाची फळी ठेवली. इंजिनाचा दट्ट्या सरकेल तशी फळी मागेपुढे सरके. दाब वाढला की पेन्सिल वर, उतरला की खाली. एका फेऱ्यात कागदावर बंद आकृती उमटे. तिच्या क्षेत्रफळावरून त्या फेऱ्यात वाफेने केलेले काम काढता येते. गुरुजी, आलेखाच्या कागदावरचे चौकोन मुलांकडून मोजून घेता ना, तसेच हे. वॉटच्या कारखान्याने ही युक्ती गुपित ठेवली. ती छापून आली १८२२ मध्ये. धंदाच तो!

पुढे या यंत्राला इंडिकेटर हे नाव रूढ झाले. त्याची खरी कसोटी लागली ती जर्मनीत, आउग्जबुर्गच्या कारखान्यात, रुडॉल्फ डीझेलच्या हाताखाली. ठिणगीवाचून, नुसत्या दाबून तापवलेल्या हवेत तेल पेटवायचे, असा त्याचा बेत. तेल असे जाळायचे की हवेचे तापमान वाढू नये, असे त्याने १८९३ सालच्या पुस्तकात मांडले होते. पण त्या हिशेबाने आकृती काढली तर ती सुरीच्या पात्यासारखी अरुंद निघे. एवढ्याशा कामात इंजिनाचे स्वतःचे घर्षणसुद्धा भागायचे नाही! डीझेलला पुस्तकातला हट्ट सोडावा लागला.

१० ऑगस्ट १८९३ रोजी पहिला प्रयोग झाला. इंजिन कारखान्याच्या पट्ट्यावर फिरवले आणि आत पेट्रोल सोडले. धडाका झाला, इंडिकेटर फुटला, त्याचे तुकडे उडाले. जवळ उभी असलेली माणसे थोडक्यात बचावली. दाब चढला होता सुमारे ८० वातावरणांइतका. मात्र ठिणगीवाचून तेल पेटते, एवढे सिद्ध झाले. मग महिनोन्‌महिने तेल कसे फवारावे याचे प्रयोग आणि आकृत्यांवर आकृत्या! १७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन पट्ट्याच्या मदतीवाचून मिनिटभर चालले. १८९७ मध्ये प्राध्यापक श्रोटर यांनी चाचणी घेतली, तेव्हा तेलातल्या उष्णतेचा २६.२ टक्के भाग कामी लागलेला आढळला. त्या काळची वाफेची इंजिने याच्या बरीच मागे होती.

वेगवान इंजिनांपुढे पेन्सिल मागे पडली. तिचे वजनच तिला आडवे आले. आता सिलिंडरला स्फटिकाचा संवेदक लावतात. काही स्फटिक दाबले की त्यांवर विद्युतभार येतो, हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवले होते. तो भार मोजून भुजादंडाच्या प्रत्येक अंशाला दाब किती, हे संगणक टिपून ठेवतो. ठोकणाऱ्या इंजिनाची रेघ शिखराशी करवतीच्या दात्यांसारखी थरथरलेली दिसते.