सार्जंट थिंड आणि पंडित वकील

रायपूरला बदली होऊन चार महिने झाले. चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळ आहे, मराठी कानावर पडतं, म्हणून रविवारी पाय तिकडे वळतात. तिथे एक निवृत्त सुभेदारसाहेब भेटतात. परवा ते अस्वस्थ दिसले. न्यू जर्सीतल्या नातवाला ग्रीन कार्ड मिळालं आणि पाठोपाठ सैन्यासाठी नाव नोंदवण्याचा कागद आला.

"अहो, आमच्या दोन पिढ्या वर्दीत गेल्या. भरतीची भीती नाही मला. पण वर्दी घातल्यावर तरी तिकडचे त्याला आपला म्हणतील का?"

अमेरिकेत कायम राहायला आलेल्या १८ ते २५ वयाच्या परदेशी मुलांनाही ही नोंदणी करावी लागते. सक्तीची भरती मात्र १९७३ पासून बंद आहे. हे सांगितल्यावर त्यांचा अर्धा घोर मिटला. उरलेल्या प्रश्नाला मी भगतसिंग थिंड यांची गोष्ट सांगितली. नाव ऐकून आपल्याला दुसरेच भगतसिंग आठवतात, हे वेगळे.

थिंड अमृतसर जिल्ह्यातले, १९१३ साली अमेरिकेत गेले. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि सक्तीच्या भरतीचा कायदा झाला. नागरिक होण्याचा इरादा ज्या परदेशी माणसाने कागदावर जाहीर केला होता, त्यालाही लढाईला बोलावता येत होतं. नागरिकत्व अजून हातात नाही, पण बंदूक हातात! पुढच्या वर्षी सैन्यातल्या परदेशी शिपायांना लवकर नागरिकत्व द्यायचा कायदाही आला. आपली सातारा-रत्नागिरीची पोरं तेव्हा इंग्रजांसाठी मेसोपोटेमियात लढत होती.

थिंड जुलै १९१८ मध्ये भरती झाले. वॉशिंग्टन राज्यातल्या कॅम्प लुईसमध्ये डोक्यावर पगडी ठेवून त्यांनी नोकरी केली आणि हंगामी सार्जंट झाले. डिसेंबरात त्यांना नागरिकत्व मिळालं, ते चार दिवसांत रद्द झालं. त्याच महिन्यात फौजेने त्यांना चांगल्या शेऱ्यासह सन्मानाने निरोप दिला. फौजेचा कागद एक सांगतो, नागरिकत्वाच्या कचेरीचा दुसरं. १९२० मध्ये ऑरेगनच्या न्यायालयाने पुन्हा नागरिकत्व दिलं. सरकार वर गेलं. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हा माणूस 'गोरा' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. सेवेचा पाढा कामी आला नाही.

थिंड यांच्या वकिलांत एक होते सखाराम गणेश पंडित. जन्म अहमदाबादचा, नाव मात्र आपल्याकडचं. ते स्वतः १९१४ पासून नागरिक होते. या निकालानंतर सरकारने आधी दिलेली नागरिकत्वंही काढून घ्यायला सुरुवात केली आणि पंडितांवरही खटला भरला. त्यांनी न्यायालयात घरचं गाऱ्हाणं मांडलं: तुमच्याच शब्दावर विसंबून मी इथे वकिली उभारली, लग्न केलं, नागरिकत्व गेलं तर माझ्या अमेरिकन बायकोचंही जाईल. १९२६ मध्ये ते जिंकले. पण त्यांच्यासारखे वकील स्वतः नसलेल्या कितीतरी हिंदी लोकांचं नागरिकत्व गेलं.

थिंड यांना अखेर १९३६ मध्ये नागरिकत्व मिळालं, महायुद्धातल्या माजी सैनिकांसाठी आदल्या वर्षी झालेल्या कायद्यामुळे. म्हणजे फौजेचा कागद चालला, पण अठरा वर्षांनी.

सुभेदारसाहेब सगळं ऐकून गप्प बसले. मग म्हणाले, "डिस्चार्जचा कागद एवढी वर्षं जपला असेल त्याने. आमच्या पोरालाही सांगतो, प्रत्येक कागदाची नक्कल काढून ठेव."

संध्याकाळी त्यांनी नातवाला फोन लावला. नोंदणी त्याने आधीच केली होती.