जंगी लाट मत मागतो

आमच्या घरात १९७१च्या लोकसभा निवडणुकीला ‘गरिबी हटाओ’ची निवडणूक कुणी म्हणत नाही. ती ‘करिअप्पाची निवडणूक’. थोरल्या आत्याचं लग्न करिअप्पाच्या आदल्या वर्षी झालं आणि धाकटा काका करिअप्पाच्या उन्हाळ्यात जन्मला. भांडुपच्या चाळीतून बदलापूर-विरारला पांगलेली मंडळी बारशाला नाहीतर बाराव्याला भेटली की अजून याच कालगणनेने बोलतात.

इतिहासाच्या पुस्तकात या प्रकरणाला फार तर एक ओळ मिळते. त्या मार्चमध्ये इंदिरा गांधींच्या काँग्रेसने ३५२ जागा जिंकल्या. महाराष्ट्रातल्या ४५पैकी ४२ त्यांच्याच. त्यातली एक मुंबई ईशान्य, विजयी उमेदवार राजाराम कुलकर्णी. पडलेल्यांत एक अपक्ष होते, वय ७२, नाव कोदंडेरा मडप्पा करिअप्पा. भारतीय सैन्याचे पहिले भारतीय सरसेनापती. त्यांच्यामागे उभी होती शिवसेना.

माझा जन्म पुष्कळ नंतरचा. त्यामुळे प्रचाराचं मी सांगतो ते सगळं ऐकीव, आणि सांगणाऱ्यांचं आपसात कधीच पटलं नाही.

आजोबा सावंतवाडीकडचे. बेळगावला भरती झाले, मराठा लाईट इन्फंट्रीतून इटलीपर्यंत लढून आले, पेन्शनीत निघाल्यावर भांडुपच्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाले. इंग्रजी अमदानीतल्या शिपायांसारखे तेही सरसेनापतीला ‘जंगी लाट’ म्हणत. हा लाट गोराच असणार, हे त्यांनी पाऊस वरून पडतो इतकं गृहीत धरलेलं होतं. १५ जानेवारी १९४९ला जनरल रॉय बुचर यांनी सूत्रं करिअप्पांच्या हाती दिली, तेव्हा आजोबा बेळगावच्या सेंटरात होते. त्या दिवशी लंगरात शिरा झाला होता, असं ते आयुष्यभर सांगत राहिले. आजी म्हणायची, शिरा काय, साहेबाच्या कुत्रीला पिल्लं झाली तरी होत असे. शिऱ्याचं मला ठाऊक नाही, पण तो दिवस आजही लष्कर दिन म्हणून पाळतात.

करिअप्पा कोडगूचे, जन्म १८९९चा. इंदूरच्या डेली कॉलेजात पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ज्या मोजक्या हिंदी तरुणांना अधिकारी म्हणून तयार केलं, त्यांतले ते एक. पहिली नेमणूक ८८ कर्नाटिक इन्फंट्रीत, आणि ती होती मुंबईला. म्हणजे पन्नास वर्षांनी ते मत मागायला आले ते शहर त्यांना अगदीच परकं नव्हतं, हे शिवसेनेच्या प्रचारकांना सांगता आलं असतं. त्यांनी ते सांगितलं की नाही, कुणाला आठवत नाही. पुढे मेसोपोटेमिया, मग राजपूत रेजिमेंट, १९४२ साली पलटणीचं नेतृत्व मिळालेले पहिले हिंदी अधिकारी. १९४८मध्ये काश्मीरची आघाडी त्यांच्याकडे होती. झोजीला खिंडीत, अकरा हजार फुटांहून अधिक उंचीवर, नोव्हेंबरच्या थंडीत रणगाडे चढवले गेले ते याच काळात. आजोबांच्या सांगण्यात तर करिअप्पा स्वतःच रणगाड्यावर बसून गेले होते. ती लढाई प्रत्यक्ष लढवली मेजर जनरल थिमय्यांनी, पण हे आजोबांना सांगण्याची छाती चाळीत कुणाला नव्हती.

चाळीतल्या पोरांना मात्र दुसरीच गोष्ट हवी असायची, मुलाची. १९६५च्या युद्धात करिअप्पांचा मुलगा, हवाई दलातला वैमानिक, पाकिस्तानात कैद झाला. पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष अयुबखान हे फाळणीपूर्वीच्या सैन्यातले करिअप्पांचे सहकारी. त्यांनी निरोप पाठवला म्हणे, की तुमच्या मुलाला सोडतो. करिअप्पांनी उलट कळवलं, सगळेच कैदी माझी मुलं आहेत, सोडायचं तर सगळ्यांना सोडा. आजोबांच्या तोंडी हा निरोप फोनवरून येई, शेजारच्या काकांच्या तोंडी तारेने. मुलगा इतर कैद्यांबरोबरच सुटून परतला, पुढे एअर मार्शल झाला. एवढी एक गोष्ट गाठीशी असलेल्या माणसाला मतं का पडू नयेत, असं शेजारचे काका आजही चिडून विचारतात.

हे काका शाखेत जाणारे. सेनेची पोस्टरं चिकटवायला खळ शिजवायची ती त्यांच्या बिऱ्हाडात. आता गंमत बघा. याच काकांनी त्याच्या चार-पाच वर्षं आधी ‘बजाव पुंगी, हटाव लुंगी’ ओरडत इडलीवाल्यांच्या गाड्यांसमोर धिंगाणा घातला होता. १९६९च्या फेब्रुवारीत बेळगावसाठी मुंबई पेटली तेव्हा ते रस्त्यावर होते. त्यांचा सगळा राग म्हैसूर राज्यावर. दोन वर्षांत त्याच राज्यातून आलेल्या उमेदवारासाठी ते दारोदार फिरू लागले. याबद्दल मी त्यांना छेडलं, तर ते शांतपणे म्हणाले, “अरे, जनरल कुठल्या राज्याचा नसतो. आणि साहेबांनी सांगितलं म्हणजे झालं.”

माझ्या मते सेनेला करिअप्पा भावले ते दोन कारणांनी. एक, कम्युनिस्टांचा सेनेला जितका तिटकारा, तितकाच त्यांनाही. दुसरं म्हणजे तो ताठ कणा, ती मिशी, ती शिस्त. सेना म्हणवून घेणाऱ्या पण एकही खरा सेनापती नसलेल्या संघटनेला तो हवासा वाटणं साहजिक होतं. शिवाय हा मतदारसंघ सेनेच्या आठवणीतला. १९६७ला इथे कृष्ण मेनन अपक्ष उभे होते. १९५७ आणि १९६२ला ते उत्तर मुंबईतून काँग्रेसचे खासदार, नेहरूंचे संरक्षणमंत्री, थिमय्यांशी भांडलेले, चीनच्या युद्धानंतर पायउतार झालेले. पक्षाने तिकीट नाकारलं म्हणून त्यांनी पक्ष सोडला. त्यांच्यासमोर काँग्रेसने स. गो. बर्वे यांना आणलं. बर्वे आयसीएसमधले, पानशेतच्या पुरानंतर पुणं सावरणारे. सेना बर्व्यांच्या बाजूने उतरली. बर्वे जिंकले आणि काही दिवसांतच वारले. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी मेननना पुन्हा हरवलं. आमच्या आजीला या सगळ्यातलं एवढंच आठवे, की भाऊ गेल्यावर बहीण उभी राहिली. म्हणून तिने तिला मत दिलं होतं.

१९७१ला मेनन मुंबई सोडून आपल्या मुलखात, त्रिवेंद्रमला गेले आणि निवडून आले. करिअप्पा आपला मुलूख सोडून मुंबईला आले आणि पडले.

ते पडणार हे आजोबांना आधीच कळलं होतं म्हणे. सभा नेमकी कुठे झाली यावर घरात मतभेद आहेत. काका भांडुप म्हणतात, आत्या घाटकोपर. आजोबा कारखान्याची खाकी धुऊन, इस्त्री करून, छातीवर बिल्ले लावून गेले होते, यावर मात्र एकमत आहे. करिअप्पांचं हिंदी इंग्रजी वळणाचं, मराठीचा प्रश्नच नव्हता. भाषणात काय होतं ते कुणालाच सांगता येत नाही. भाषण संपल्यावर उमेदवार लोकांना हात जोडत निघाले, आणि आजोबा गर्दीत सावधान उभे राहून सलाम ठोकून मोकळे झाले. घरी आल्यावर काकांनी विचारलं, मग मत नक्की ना?

“सलाम ठोकलंय,” आजोबा म्हणाले, “मताचा मगे बघुया.”

मग त्यांनी मत दिलं नाही. कुणाला दिलं हेही सांगितलं नाही. “कोणाक दिलंय ता तुमका कित्याक व्हया?” एवढंच. कारण विचारलं की मात्र बोलत: “लाटसायबान हुकूम देवचो. तो हात जोडूक लागलो तर आमी काय करूचा?”

लहानपणी मला हे शिपायाचं भोळेपण वाटे. आता वाटतं, त्या सभेतून त्यांच्याइतकं नेमकं पाहून कुणीच आलं नसेल. उमेदवार आणि मतदार यांच्यात मतदाराचा हात वर असतो. आयुष्यभर ज्यांच्यासमोर सावधान उभं राहायचं, त्यांना आपल्यासमोर हात जोडताना पाहून आजोबा गांगरले, आणि गांगरलेल्या माणसाने आपल्या मताची किंमत पहिल्यांदा ओळखली. आजीचा हिशेब सोपा होता: “ह्यो म्हातारो आमच्या नळाक पाणी हाडतलो काय?” चाळीत तेव्हा पहाटे पाणी येई आणि हंड्यांवरून भांडणं होत. तिचा प्रश्न कुठल्याही जनरलला अडचणीत आणणारा आहे.

निकालानंतर काका म्हणत फिरले, हा विजय बाई, गाई आणि शाई यांचा. बाई म्हणजे इंदिराबाई, गाय-वासरू ही त्यांच्या काँग्रेसची निशाणी, आणि शाई म्हणजे मतपत्रिकेवरची. मतपत्रिकांवर रसायन लावून शिक्के उडवले, अशी वदंता देशभर होती. जनसंघाचे बलराज मधोक दिल्लीत हरल्यावर तीच तक्रार जाहीरपणे करत होते. काका अजून तिला धरून आहेत. माझं म्हणणं, त्या वर्षी काँग्रेसच्या लाटेत भलेभले वाहून गेले. मडिकेरीहून आलेल्या, पक्ष नसलेल्या वृद्ध गृहस्थाला बुडवायला रसायन कशाला लागतं?

करिअप्पांच्या विचारांबद्दल काका कधी बोलत नाहीत, म्हणून मी बोलतो. करिअप्पांनी सैन्याला राजकारणापासून दूर राहायला शिकवलं, हे खरं. पण स्वतःला आवरणं त्यांना जड जाई. सरसेनापती असतानाच ते पत्रकार परिषदा घेऊ लागले, तेव्हा १९५२च्या ऑक्टोबरात नेहरूंनी त्यांना पत्र लिहून सौम्य शब्दांत थांबवलं. १९५३ला निवृत्त होताच त्यांची ऑस्ट्रेलियाला उच्चायुक्त म्हणून रवानगी झाली. १९५८ला शेजारी पाकिस्तानात लष्कराने सत्ता घेतली, तेव्हा त्यांनी आपल्या जुन्या सहकाऱ्यांची बाजू घेऊन लिहिलं. पुढे पक्षांच्या गोंधळाला कंटाळून देशात काही काळ राष्ट्रपती राजवट आणावी असंही ते म्हणत. आजोबांना मी हे सांगितलं असतं तर त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं. त्यामुळे सांगितलं नाही.

आजोबांनी दुसरा लष्करी उमेदवार पाहिला तो १९९१ला. तोवर ते गावी परतले होते. गाव राजापूर मतदारसंघात. तिथे १९७१पासून सलग पाच वेळा मधू दंडवते निवडून आलेले. ज्या लाटेत करिअप्पा बुडाले त्याच लाटेत दंडवते तरले होते. १९९१ला काँग्रेसने सैन्यातून आलेले सुधीर सावंत उभे केले आणि दंडवते पडले. त्याचं मला अजून वाईट वाटतं. इतका स्वच्छ, इतका अभ्यासू खासदार कोकणाला पुन्हा सहज मिळणारा नव्हता. आजोबांना वाईट वाटलं नाही. सावंत कोकणचे, घराघरात माहेरवाशिणीसारखी ओळख काढत फिरणारे. त्यांच्याशी बोलताना सावधान उभं राहावं लागत नव्हतं. आजोबांनी त्यांनाही सलाम ठोकला असेल, पण तो ओट्यावर बसूनच.

पुढे असे उमेदवार नित्याचे झाले. गढवालहून मेजर जनरल खंडुरी पाच वेळा लोकसभेवर गेले. २०१४ला माजी लष्करप्रमुख व्ही. के. सिंग गाझियाबादमधून साडेपाच लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. त्याच्या उलट, माजी लष्करप्रमुख जे. जे. सिंग २०१७ला पतियाळात विधानसभेला पडले. जिंकलेल्यांकडे पक्ष होता, आणि पक्षाची हवा होती. हुद्दा हा हारासारखा, गळ्यात शोभतो. मतं मात्र पक्षच आणतो. आपल्याकडे निवृत्त अधिकाऱ्याने निवडणूक लढवायला हरकत नाही आणि नसावीही. हरकत आहे ती गणवेशाच्या जोरावर मत मागायला. म्हणूनच निवडणूक आयोगाने डिसेंबर २०१३मध्ये, आणि मग मार्च २०१९मध्ये पुन्हा, पक्षांना बजावलं की प्रचारात जवानांची छायाचित्रं वापरू नका.

करिअप्पांना १९८६ला फील्ड मार्शल हा किताब मिळाला. १९९३ला बंगळुरूला त्यांचं निधन झालं. त्यांच्या गौरवलेखांत मुंबई ईशान्य बहुधा नसते. मानहानी म्हणून वगळत असावेत. मला ते चुकीचं वाटतं. मतदाराच्या शहाणपणावर ज्यांचा विश्वास डळमळीत होता, त्या सरसेनापतींनी भांडुप-मुलुंडच्या कामगारांसमोर हात जोडले, त्यांचं ‘नाही’ गुमान ऐकून घेतलं आणि ते घरी गेले. अयुबखानांना हे जमलं नव्हतं.