एसी लागतोच का? छावण्यांच्या उन्हाळ्याचा इतिहास

निवृत्त मंडळी जमली की हा वाद हमखास निघतो. एक म्हणतो, "आपण सगळी नोकरी एसीशिवाय काढली, आताच्या पोरांना काय झालं?" दुसरा म्हणतो, "मे महिन्यात चेन्नईत राहून दाखव!" माझं पोस्टिंग झाशीजवळच्या बबिन्यालाही झालं आणि चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटलाही. दोन्हीकडचे उन्हाळे अंगावर काढल्यावर वाटतं, दोघांचंही म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं छावण्यांच्या इतिहासात सापडतं.

हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करायला इंग्रज सरकारने १८५९ मध्ये आयोग नेमला. १८६३ साली अहवाल आला. दर हजार गोऱ्या शिपायांमागे वर्षाला ६९ मृत्यू, तेही बहुतेक रोगराईने. तोवर दोष इथल्या हवेला दिला जायचा. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी छावण्यांतून आलेली माहिती वाचून बोट ठेवलं ते घाण पाण्यावर, तुंबलेल्या गटारांवर आणि दाटीच्या बराकींवर. पुढे उंच जोत्याच्या, उंच छताच्या, व्हरांड्याच्या बराकी उभ्या राहिल्या, पाण्याची सोय सुधारली आणि शतक संपेपर्यंत मृत्यूंचं प्रमाण कितीतरी खाली आलं. एसीचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. पहिल्या मित्राची बाजू इथे भक्कम आहे.

पण जिवंत राहणं वेगळं आणि रात्री झोप लागणं वेगळं. उत्तरेत दारा-खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारत. बबिन्यासारख्या ठिकाणी पारा ४२ अंशांवर आणि हवेतली आर्द्रता १५ टक्के असेल, तर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा फार तर २२ अंशांपर्यंत उतरू शकते. प्रत्यक्षात तेवढी उतरत नाही, पण फरक मोठा पडतो. आपला डेझर्ट कूलर म्हणजे त्याच पडद्याचा विजेवर चालणारा नातू. चेन्नईत मात्र पारा ३५ आणि आर्द्रता ७० टक्के असली, की हीच मर्यादा ३० अंशांवर अडते. तिथे कूलर लावला तर खोलीत उलट दमटपणा वाढतो. घामही वाळत नाही, आणि शरीराचा स्वतःचा कूलर म्हणजे घामच.

म्हणून किनाऱ्यावर गोऱ्यांनी दुसरे उपाय शोधले. १८३३ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनहून सुमारे १८० टन बर्फ घेऊन 'टस्कनी' जहाज निघालं. चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक होता! मद्रासच्या किनाऱ्यावरचं बर्फगृह अजून उभं आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तिथे राहिले होते, म्हणून आज ते त्यांच्या नावाने ओळखलं जातं. पण त्या बर्फाने पेयं गार झाली, खोल्या नाही.

खोलीसाठी होता छताला टांगलेला कापडी पंखा. त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून व्हरांड्यात जाई आणि तिथे बसलेला माणूस ती रात्रभर ओढत राही. त्याला डुलकी लागली की आतून शिवी येई, कधी लाथही बसे. अशा मारहाणीत पंखेवाले मेल्याची प्रकरणं कोर्टात गेली आणि गोरे आरोपी अनेकदा किरकोळ शिक्षेवर सुटले. व्हाइसरॉय असताना लॉर्ड कर्झनलाही यात लक्ष घालावं लागलं. गणवेश घातलेल्या माणसाला हे वाचताना लाज वाटते. आतल्या शिपायाच्या झोपेची किंमत बाहेरचा माणूस मोजत होता. पुढे विजेचा पंखा आला आणि ती दोरी सुटली.

एसीचा उगमही दमटपणातच आहे. १९०२ मध्ये विलिस कॅरियरने न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी यंत्र आखलं. दमट हवेने कागद फुगायचा आणि रंगांची छपाई हलायची, त्यावरचा तो इलाज होता. माणसाचा आराम नंतर आला.

मग माझं मत काय? कोरड्या उन्हाळ्यात जाड भिंती, वाळा, कूलर आणि माठ यांवर धडधाकट माणसाचं भागतं. उघड्यावर काम करणाऱ्या जवानाला उन्हाची सवय व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. तो दिवसभर एसीत बसला तर ती सवय होतच नाही. पण दमट किनाऱ्यावर, वाऱ्याची झुळूक नसलेल्या रात्री म्हातारी माणसं, तान्ही मुलं आणि आजारी यांच्यासाठी एसी ही चैन नाही, औषध आहे. तिथे "आमच्या वेळी नव्हतं" हा मुद्दा होऊ शकत नाही. आमच्या वेळी नव्हतं म्हणून कितीजणांनी सोसलं, ते कोणी मोजलं नाही.

एक मात्र ध्यानात ठेवा. एसी खोलीतली उष्णता नाहीशी करत नाही, बाहेर टाकतो. म्हणून एकच खोली गार करा, तापमान २६ वर ठेवा, जोडीला पंखा लावा. आणि बाहेरचं यंत्र बसवताना त्याची गरम हवा वॉचमनच्या खुर्चीवर जात नाही ना, तेवढं बघा.