प्रौढाची पाटी कोरी नसते

‘माझी लाकडे मसणात गेली, आता मला काय शिकवता?’ कामगारांच्या रात्रीच्या वर्गात हे वाक्य मी कितीदा तरी ऐकले आहे. या वाक्यात एक उपपत्ती दडलेली आहे, हे मात्र मला फार उशिरा उमगले. शिकण्याचे एक वय असते, ते सरले की माणूस घट्ट होतो, ही ती उपपत्ती. ती केवळ अडाण्यांची आहे असे कोणी समजू नये. विल्यम जेम्स यांच्यासारख्या थोर अमेरिकन मानसशास्त्रज्ञानेही १८९० मधील आपल्या ग्रंथात, तिशीपर्यंत बहुतेकांचा स्वभाव गिलाव्यासारखा पक्का होतो, असेच मत मांडले होते.

या समजुतीला पहिला मोठा धक्का दिला तो एडवर्ड थॉर्नडाइक यांनी. १९२८ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढांच्या शिकण्यावर प्रयोगान्ती ग्रंथ लिहिला. पंचविशीनंतर पंचेचाळिशीपर्यंत शिकण्याची शक्ती वर्षाला सुमारे १ टक्का घटते, तेव्हा वयाच्या भीतीने या काळात कोणी शिकणे सोडू नये, हा त्यांचा निष्कर्ष. पुढे १९३० नंतरच्या दशकात अयर्विंग लॉर्ज यांनी या घटीचीही फोड केली. परीक्षेत वेळेचे बंधन असले म्हणजे प्रौढ मागे पडतो. ते बंधन काढले की त्याची घट बरीचशी नाहीशी होते. कामाचा वेग निराळा आणि कामाची जाण निराळी, हे यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. शास्त्राला ते सिद्ध करावे लागले, एवढेच.

प्रौढ शिकू शकतो, हे ठरले. पण त्याने शिकायचे काय, आणि सुरुवात कोठून करायची? याचे उत्तर एडवर्ड लिंडमन यांनी १९२६ मध्येच देऊन ठेवले होते. हे गृहस्थ डॅनिश स्थलांतरितांच्या घरचे, लहानपणापासून अंगमेहनत केलेले. शाळेत विषय आधी येतो आणि मुलाला त्यात बसवावे लागते. प्रौढाच्या शिक्षणाचा आरंभ मात्र त्याच्या जीवनातील अडचणीपासून व्हावा, असे त्यांचे म्हणणे.

लिंडमन यांच्याच विचारांवर वाढलेल्या माल्कम नोल्स यांनी १९७० मध्ये ‘अँड्रॅगॉजी’ या नावाने त्याचे शास्त्र बांधले. प्रौढ आपली दिशा आपण ठरवू इच्छितो, त्याच्यापाशी अनुभवाचा साठा असतो, आणि शिकलेले आजच कामी यावे अशी त्याची अपेक्षा असते, ही त्यांची गृहीते. १९७० च्या ग्रंथात त्यांनी बालशिक्षण व प्रौढशिक्षण समोरासमोर उभे केले होते. १९८० च्या आवृत्तीत ती भिंत त्यांनीच खाली ओढली. ही उपपत्ती मला मोलाची वाटते. तथापि तिच्यात एक उणीव आहे. माणूस आपली दिशा ठरवू पाहतो खरा, पण त्याला ती ठरवू कोण देत नाही, हा प्रश्न ती विचारीत नाही. म्हणूनच ती मालकाच्या प्रशिक्षणवर्गालाही तितकीच सोयीची पडते.

तो प्रश्न विचारला ब्राझीलच्या पाउलो फ्रेरे यांनी. १९६३ मध्ये आंजिकोस या गावी सुमारे ३०० श्रमिकांना ४० तासांत लिहावाचायला शिकविण्याचा प्रयोग त्यांच्या मार्गदर्शनाखाली झाला. त्यांच्या पद्धतीत ‘तिजोलो’ म्हणजे वीट, असा रोजच्या कष्टातला शब्द घ्यायचा. वीट कोण पाडतो, घर कोणाचे उभे राहते, यावर आधी बोलायचे. मग त्या शब्दाची अक्षरे सुटी करून नवे शब्द जुळवायचे. त्या काळी ब्राझीलमध्ये निरक्षराला मत नव्हते. ते १९८५ साली मिळाले. तेव्हा अक्षर शिकविणे म्हणजे मतदार घडविणे होते. १९६४ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि फ्रेरे यांना सुमारे ७० दिवस तुरुंगात काढून पुढे देश सोडावा लागला.

मलाही फ्रेरे जवळचे वाटले. काही वर्षांपूर्वी कंत्राटी सफाई कामगार स्त्रियांच्या वर्गात मी किमान वेतनाचा कायदा घेऊन गेलो. बराच वेळ बोललो, आणि शेवटी रीतीप्रमाणे विचारले, ‘तुम्हांला काय शिकायचे आहे?’ पन्नाशीच्या एक बाई म्हणाल्या, ‘भाऊ, मला फक्त सही शिकवा.’ मी मनात खट्टू झालो. एवढ्याने काय होणार? माझा चेहरा वाचून त्या म्हणाल्या, ‘अंगठा दुसरा कोणीतरी धरून उठवतो. सही आपली आपण करतो.’

मी कायदा बाजूला ठेवला आणि सही शिकविली. महिन्याभराने त्याच बाई मस्टरचा कागद घेऊन आल्या. म्हणाल्या, ‘आता सांगा, सहीच्या वर काय लिहिलंय?’

त्या दिवशी मला या उपपत्तींचा मेळ लागला. मागणी कोणती, हे त्या बाईंनी ठरवायचे होते. तेथे नोल्स बरोबर होते. त्या मागणीच्या पोटात सत्तेचा प्रश्न होताच. तेथे फ्रेरे बरोबर होते. चुकलो होतो मी. प्रश्न त्यांच्या तोंडून येण्याची वाट न पाहता तो मी घरून तयार करून नेला होता. मुक्तीचे नाव घेऊन केलेली हीही एक घोकंपट्टीच.

आपल्याकडे हे नवे नाही. महात्मा फुले व सावित्रीबाई यांनी १८५५ साली पुण्यात श्रमिकांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हा थॉर्नडाइक जन्मलेही नव्हते. त्याच वर्षी फुल्यांनी लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ नाटकातले शेतकरी जोडपे आधी नाडले जाते, आपण नाडले गेलो हे ओळखते, आणि मग आपल्या पायांनी त्या शाळेची वाट धरते. क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. प्रौढाची पाटी कोरी नसते. तिच्यावर आयुष्याने बरेच काही लिहून ठेवलेले असते. शिकविणाऱ्याने आधी ते वाचायला शिकावे, एवढेच मला आपणांपुढे ठेवायचे होते.