न जेवणारी माई आणि दुष्काळाची वाट

बाबांच्या आत्याला आम्ही सगळे माई म्हणायचो. पंचवटीतल्या आमच्या जुन्या वाड्यात ती राहायची. माझ्या आठवणीतली माई म्हणजे नऊवारीत हरवलेली एक काटकुळी बाई, आणि सतत चालणारी. पहाटे रामकुंड, मग काळाराम, मग पायी तपोवनापर्यंत. परत आली की सबंध वाड्याचा केर. बसलेली माई मला आठवतच नाही. सोमवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी... चातुर्मासात तर एकभुक्त, आणि त्या एका जेवणातलंही निम्मं आम्हा पोरांच्या ताटात. "माईला अन्नाचा मोहच नाही हो," असं आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायची. 1974 साली माई गेली. वय 44. कशाने गेली हे कुणी फारसं विचारलं नाही. उपास फार करायची, एवढंच.

माई आठवायचं कारण माझी भाची, म्हणजे भावाची मुलगी. (हे तिने आधी वाचलंय, आणि "चालेल आत्या, टाक" म्हटल्यावरच इथे टाकते आहे.) दोन वर्षांपूर्वी तिचं निदान झालं, ॲनोरेक्सिया नर्व्होसा. एकोणीस वर्षांची मुलगी, वजन 34 किलो, आणि रात्री अकरा वाजता गच्चीवर फेऱ्या मारत असायची. डॉक्टरांनी विचारलं, "घरात आधी कुणाला असं काही?" भाऊ म्हणाला, "छे, नाही." मी गप्प बसले. डोळ्यांसमोर माई होती.

आता माईला हाच आजार होता असं मी म्हणत नाही. गेलेल्या माणसाचं निदान आपण करू नये. पण तेव्हापासून मी या आजाराचा इतिहास वाचायला लागले, आणि वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक काळाने या आजारात एक गुन्हेगार शोधला आहे.

1689 मध्ये लंडनच्या रिचर्ड मॉर्टन या वैद्याने क्षयावरच्या ग्रंथात दोन रुग्णांचं वर्णन केलं, एक अठरा वर्षांची मुलगी आणि एक सोळा वर्षांचा मुलगा. क्षय नाही, ताप नाही, तरी शरीर झिजतंय. त्याने दोष मनाच्या दुःखाला दिला. आजाराला आजचं नाव मिळालं 1873 च्या सुमारास, लंडनच्या विल्यम गल यांच्याकडून. त्याच वर्षी पॅरिसमध्ये लासेग यांनी त्याला उन्मादाचा प्रकार ठरवलं. गल यांचं तर स्पष्ट मत होतं की या रुग्णांची शुश्रूषा करायला नातेवाईक सगळ्यात वाईट. विसाव्या शतकात बोट वळलं आईकडे, आणि नंतर फॅशनच्या मासिकांकडे आणि टीव्हीकडे.

आमच्या घरातही हाच इतिहास दोन महिन्यांत घडून गेला. आधी "हट्टी आहे", मग "मोबाईलमुळे", आणि शेवटी सगळे येऊन थांबले वहिनीपाशी. "आईचं लक्ष नव्हतं." हे म्हणणाऱ्यांपैकी काही जण हा ब्लॉग वाचतात, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

फॅशनवर सगळा दोष टाकणं तसंही अवघड आहे. हाँगकाँगला सिंग ली यांनी 1993 मध्ये सत्तर रुग्णांचा अभ्यास छापला, त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना जाड होण्याची भीतीच नव्हती. पोट भरलंय, जेववत नाही, असंच ते सांगत. 1995 मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी पाच तरुणींबद्दल लिहिलं, त्यांच्यातही 'मी जाड आहे' हा भ्रम दिसला नव्हता. बारीक दिसायची हौस नसतानाही माणूस खाणं सोडतो, तर मग हे येतं कुठून?

एक उत्तर रक्तात आहे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून असं दिसतं की हा आजार कुणाला होतो आणि कुणाला नाही, या फरकातला साधारण 50 ते 60 टक्के वाटा आनुवंशिकतेचा असतो. 2019 मध्ये जवळजवळ 17 हजार रुग्णांच्या जनुकांची छाननी प्रसिद्ध झाली. (सगळे युरोपीय वंशाचे, हे लक्षात ठेवायला हवं.) त्यात जनुकसंचातल्या आठ जागा सापडल्या. गंमत म्हणजे धागेदोरे फक्त मनाच्या आजारांशी जुळले नाहीत, तर साखर, चरबी, चयापचय यांच्याशीही जुळले. म्हणजे हे नुसतं डोक्यातलं खूळ नाही, शरीर भुकेचा हिशोब कसा ठेवतं याच्याशीही त्याचा संबंध आहे.

पण न जेवायला लावणारी जनुकं टिकली कशी? माणूस जगला तर पुढची पिढी! इथे मला शॅन गिसिंजर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचा 2003 चा लेख भेटला. त्यांचं म्हणणं असं. अन्न संपलं की बहुतेकांचं शरीर मंदावतं, शक्ती राखतं, आणि मन सतत खाण्याचा विचार करतं. पण सगळेच बसून राहिले तर सगळेच मरतील. भटक्या टोळीत काही जण असे असतील की ज्यांना उपाशीपोटी उलट तरतरी येते, भूक ऐकू येत नाही, आपण किती खंगलोय हे दिसत नाही, आणि पाय थांबत नाहीत. तेच टोळीला नव्या मुलखात नेतील. आज मुलखात अन्न आहे, पण डाएटने किंवा आजारपणाने वजन एका मर्यादेखाली गेलं की ते जुनं यंत्र सुरू होतं.

याला थोडा आधार उंदरांचा आहे. 1967 च्या एका प्रयोगात उंदरांना दिवसातून एकच तास खाणं दिलं आणि पिंजऱ्यात पळायचं चाक ठेवलं. उंदीर अधिकाधिक पळू लागले, खाणं कमी होत गेलं, आणि पळता पळता मेले. चाक नसलेले उंदीर तेवढ्याच वेळेच्या खाण्यावर जगले. पुढे असंही दिसलं की चरबीतून येणारं लेप्टिन नावाचं हार्मोन बाहेरून दिलं तर ही धावपळ कमी होते.

हे वाचताना मला आपला जिल्हा दिसायला लागला. इगतपुरीला घाटाचा धो धो पाऊस, आणि सिन्नर-येवला-नांदगावकडे पर्जन्यछाया. इथे दुष्काळ म्हणजे सगळीकडे अन्न नाही असं नसतं. इथे नाही, पण चार दिवसांच्या चालीवर असू शकतं. आपल्याकडे त्याला शब्दच आहे, 'जगायला जाणं'. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळात, 1876 ते 78 च्या दुष्काळात, गावंच्या गावं जगायला बाहेर पडली. 1972 च्या वेळी मात्र सरकारी कामं निघाली, मे 1973 मध्ये जवळजवळ 50 लाख माणसं त्या कामांवर होती, आणि पुष्कळांना गाव सोडावं लागलं नाही.

आमचं घराणंही मूळचं येवल्याच्या पलीकडचं. 1877 साली पायी नाशकाला आलं. पणजोबांची आई सगळ्यांच्या पुढे चालत होती, स्वतः खात नव्हती, आणि गोदावरी दिसेपर्यंत बसली नाही, ही गोष्ट आम्ही सगळ्यांनी आजीकडून ऐकलेली आहे. आता ही गोष्ट त्या सिद्धांतात इतकी चपखल बसते की मलाच तिचा संशय येतो. दीडशे वर्षांत घरातल्या गोष्टी घासून गुळगुळीत होतात.

शिवाय सिद्धांताच्या विरोधातही बरंच आहे. एम्सच्या त्या पाच तरुणींमध्ये ही अति-हालचालही दिसली नव्हती. 1945 मध्ये मिनेसोटात ॲन्सेल कीज यांनी 36 तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, तेव्हा ते बहुतेक सुस्तावले आणि पाककृतींची पुस्तकं वाचत बसले. आणि आपल्या पुण्याच्या केईएमचे डॉ. रंजन याज्ञिक यांनी दाखवलेलं तर वेगळंच आहे. 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत केलेल्या अभ्यासात बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली 3.5 किलोची. पण आपल्या किडकिडीत बाळांनी चरबी मात्र राखलेली! पोटातल्या टंचाईला आपल्या शरीराचं नेहमीचं उत्तर साठवण्याचं आहे, पळण्याचं नाही. त्यातून मधुमेह येतो, आणि आमच्या घरात तोही भरपूर आहे.

तेव्हा गिसिंजरबाई बरोबर की चूक, हे मला ठरवता येणार नाही. पण त्यांच्या कल्पनेतली एक गोष्ट मनातून जात नाही. पुढे चालणारी बाई स्वतःहून थांबू शकत नाही. तिला भूकच कळत नाही. मुक्कामाला पोचल्यावर कुणीतरी हात धरून बसवायचं असतं. "आलो आपण, आता जेव."

आणि उपचारांचा इतिहासही फिरून तिथेच आला आहे. गल यांनी नातेवाईकांना दूर ठेवा म्हटलं, आणि त्यांच्याच लंडनमध्ये 1980 च्या दशकात मॉड्स्ली हॉस्पिटलने आईबापांनाच उपचारात बसवलं. मुलांना घरीच, समोर बसून, न चिडता खाऊ घालायचं. कोवळ्या वयाच्या रुग्णांमध्ये ही पद्धत आज सगळ्यात भरवशाची मानली जाते. माईच्या समोर असं कुणी बसलं नाही. आम्ही तिचं कौतुक करत होतो, आणि तिच्या ताटातलं खात होतो. मीसुद्धा.

वहिनी गेली दोन वर्षं रोज तीन वेळा समोर बसते. पहिले सहा महिने एकेका जेवणाला दीड-दीड तास लागायचा. ताट भिरकावलेलं मी पाहिलंय, आणि वहिनीने पुन्हा वाढलेलंही. भाचीचं वजन आता 46 आहे. अजून संपलेलं नाही, डॉक्टर म्हणतात वेळ लागेल.

तेव्हा मंडळी, दिवाळीला सगळे जमणार आहोत. भाचीला "बारीक झालीस", "छान भरलीस" यातलं काहीही म्हणू नका. आणि वहिनीला काही म्हणायचंच असेल, तर जेवणानंतरची भांडी आपण घासू म्हणा. असो.