आत्मरती विक्रीस आहे

१९६६ साली व्हेनिसच्या ३३व्या बिएनाले या कलाप्रदर्शनात इटलीच्या दालनाबाहेरील हिरवळीवर आरशासारखे चकचकीत १,५०० गोळे पसरलेले होते. त्यांच्यात सोनेरी किमोनो घातलेली एक जपानी स्त्री उभी होती. तिला अधिकृत निमंत्रण नव्हते. खर्चाला इटालियन कलावंत लुचो फोंताना यांनी हातभार लावला होता. पाहणाऱ्यांची आत्मरती विक्रीस असल्याची पाटी तिथे होती आणि एका गोळ्याचा भाव होता १,२०० लिरा, म्हणजे साधारण दोन डॉलर. कलेचा हा हातगाडीवरचा धंदा आयोजकांनी थांबवला. गोळे मात्र जागेवर राहिले.

या मांडणशिल्पाचे नाव ‘नार्सिसस गार्डन’ आणि ती स्त्री म्हणजे यायोई कुसामा. ग्रीक पुराणकथेतला नार्सिसस तळ्यात दिसलेल्या स्वतःच्याच प्रतिबिंबावर भाळतो. कुसामांनी तळ्याऐवजी गोल आरसे घेतले, आणि खरी मेख तिथेच आहे. गोल आरशात चेहरा आक्रसतो, फुगतो. मागे आकाश आणि शेजारचे गोळे दिसतात, त्या गोळ्यांतही तोच चेहरा. स्वतःचे रूप न्याहाळायला वाकलेल्या माणसाला आपली शेकडो बारकी ध्याने पाहावी लागतात.

कुसामांचा जन्म १९२९ साली जपानमधील मात्सुमोतो येथे, रोपवाटिका चालवणाऱ्या कुटुंबात झाला. लहानपणापासून त्यांना भास होत. एखादी नक्षी पाहता पाहता भिंतींवर, छतावर आणि स्वतःच्या अंगावरही पसरे, आणि आपण तिच्यात नाहीसे होऊ अशी धास्ती वाटे. मुलीने चित्रे काढणे आईला पसंत नव्हते. १९५८ साली कुसामा न्यूयॉर्कला आल्या. पुढे लिंगाच्या आकाराच्या कापडी उशा शिवून त्यांनी खुर्च्या आणि कोच झाकायला सुरुवात केली. शरीरसंबंधाची भीती त्यांच्या मनात घर करून होती. भीतीची वस्तू हाताने पुन्हा पुन्हा घडवायची, इतक्यांदा की तिचा धाक ओसरावा, असा तो स्वतःवरचा उपचार होता. पण हजारो उशा शिवणे हे हात मोडून टाकणारे काम. १९६५ साली न्यूयॉर्कच्या कॅस्टेलान गॅलरीत आरशांच्या भिंतींची खोली उभी राहिली आणि उशांची संख्या प्रतिबिंबांनी वाढवून शिवणकामाचा मोठा भार आरशांनी उचलला.

आत्मविकास म्हणजे स्वतःला घासूनपुसून लखलखीत करणे, अशी रूढ समजूत आहे. कुसामांची वाट उलटी. आपल्या प्रक्रियेला त्यांनी आत्मविलोपन म्हटले: ‘मी’ चित्रांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठिपक्यांत विरून जाऊ द्यायचा. हे विरणे सोपे ठरले, असे त्यांच्या आयुष्याकडे पाहून म्हणवत नाही. १९७३ साली त्या जपानला परतल्या आणि १९७७पासून टोकियोतील मनोरुग्णालयात स्वेच्छेने राहू लागल्या. जवळच्या स्टुडिओत जाऊन काम करण्याचा क्रम त्यांनी तिथूनही चालू ठेवला.

ज्या बिएनालेत विक्री थांबवली गेली, तिथेच १९९३ साली त्यांनी जपानचे अधिकृत प्रतिनिधित्व केले. गोळेही पुढे प्लॅस्टिकऐवजी पोलादाचे झाले आणि देशोदेशी मांडले गेले. आता त्यांच्यासमोर लोक मोबाइल धरून उभे राहतात. १९६६ची पाटी आज लावली, तर तिच्यासोबतही फोटो काढले जातील. ब्राझीलमधील इन्होतिम कलासंग्रहालयात २००९पासून असे ५०० गोळे पाण्यावर तरंगत आहेत. वारा आला की ते एकमेकांना धडकत सरकतात आणि त्यांतली प्रतिबिंबे जागा बदलतात.